पुंगळी नेमकी कुठे अडकली? .३२ पिस्तुलाचं जॅम शोधायचा क्रम

पिस्तूल जॅम झालं की बहुतेक जण आधी स्लाइड (नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग) जोरात ओढतात. अडकलेली पुंगळी (झाडलेल्या गोळीचं रिकामं पितळी कवच) उडून रेंजच्या वाळूत जाते, मॅगझिनमधली (गोळ्यांच्या पेटीतली) पुढची गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागी) चढते आणि पिस्तूल का अडकलं याचा पुरावा तिथेच संपतो. मग घरी येऊन साफसफाई, नवी स्प्रिंग, दुसऱ्या लॉटच्या गोळ्या, सगळं एकदम होतं. पुढच्या वेळी पिस्तूल चाललं तरी कशामुळे चाललं ते कळत नाही आणि काही महिन्यांनी दुखणं परत येतं. माझ्या पहिल्या पिस्तुलाच्या बाबतीत मीही हेच केलं. दोष मॅगझिनच्या वाकलेल्या ओठात (गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडेत) होता आणि मी स्प्रिंग बदलून घेतली होती.

हा लेख .३२ एसीपी बोअरच्या (गोळीच्या मापाच्या) छोट्या पिस्तुलांसाठी आहे. ९ एमएम आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे परवानाधारकांकडे बहुतेक हीच असतात: ईशापूरचं ‘अशनी’, वडिलांकडून आलेलं वेब्ली किंवा ब्राउनिंग, क्वचित वॉल्थर. या पिस्तुलांत गोळी सुटताना स्लाइड आणि नळी एकमेकांत अडकवलेली नसतात. वायूचा दाब पुंगळीला मागे ढकलतो आणि पुंगळी स्लाइडला ढकलते. म्हणजे झाडलेली पुंगळी चेंबरबाहेर यायला एक्स्ट्रॅक्टरची (स्लाइडमधल्या आकडीची) फारशी गरज नसते. एक्स्ट्रॅक्टरचं काम पुंगळीची कड धरून तिला स्लाइडच्या तोंडाशी टेकवून ठेवण्याचं आहे. तशी धरलेली पुंगळी मागे येताना इजेक्टरवर (आतल्या न हलणाऱ्या पट्टीवर) आपटते आणि खिडकीतून (स्लाइडच्या बाजूच्या उघड्या जागेतून) बाहेर पडते.

न झाडलेली गोळी मात्र चेंबरबाहेर फक्त एक्स्ट्रॅक्टरच काढू शकतो. म्हणून एक्स्ट्रॅक्टर कमजोर झालेलं पिस्तूल रेंजवर ठीक चालल्यासारखं दिसेल, पण ‘रिकामं करतो’ म्हणून तुम्ही स्लाइड ओढाल तेव्हा गोळी आतच राहील. खालचा प्रत्येक टप्पा वाचताना हे डोक्यात ठेवा.

१. रेंजवर जाण्याआधीची तयारी

जॅमचा शोध गोळ्या झाडूनच घ्यावा लागतो, आणि गोळ्या झाडायची जागा म्हणजे अधिकृत रेंज. शेतात, फार्महाउसवर, डोंगराकडे तोंड करून ‘एक बघतो’ असं चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा निष्काळजी गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

सोबत हे न्या: डोळ्यांचा आणि कानांचा बचाव, छोटा टॉर्च, वही-पेन, फोन, .३२ च्या दोन-तीन डमी (दारू नसलेल्या) गोळ्या आणि तुमची सगळी मॅगझिन. प्रत्येक मॅगझिनच्या तळाला मार्करने १, २ असे आकडे घाला. गोळ्यांच्या डब्यावरचा लॉट नंबर आणि वर्ष वहीत लिहून घ्या.

परवान्यावरच्या गोळ्या मोजक्या असतात आणि महाग पडतात, म्हणून आधीच ठरवा की या शोधासाठी पंधरा गोळ्या बाजूला ठेवणार. त्या कशा वापरायच्या ते टप्पा ८ मध्ये आहे.

सावधान: जुनी गोळी मोडून घरी डमी बनवू नका. डमी विकत मिळते.

२. जॅम होताच: नळी समोर, बोट बाहेर, आणि बघा

नळी लक्ष्याकडे, बोट चापाच्या कडीबाहेर. आता काहीही न ओढता खिडकीतून आत बघा. डावा हात मोकळा असेल तर फोटो घ्या, नाहीतर रेंज अधिकाऱ्याला घ्यायला सांगा. तुम्हाला यांपैकी एक चित्र दिसेल.

*उभी पुंगळी:* रिकामी पुंगळी खिडकीत धुराड्यासारखी उभी राहून स्लाइडमध्ये चिमटली आहे. म्हणजे ती चेंबरमधून निघाली, पण नीट फेकली गेली नाही.

*मागे गोळी, पुढे पुंगळी:* पुंगळी चेंबरमध्येच आहे आणि मॅगझिनमधून आलेली नवी गोळी तिच्या बुडाला टेकली आहे. म्हणजे पुंगळी निघालीच नाही, किंवा थोडी निघून परत आत गेली.

*आडवी पुंगळी:* रिकामी पुंगळी मॅगझिनच्या तोंडावर आडवी पडली आहे किंवा आत घसरली आहे. एक्स्ट्रॅक्टरने ती मध्येच सोडली.

*पुंगळी गेली, तरी अडकलं:* रिकामी पुंगळी बाहेर पडली आहे आणि नवी गोळी अर्धी आत अडकली आहे. हा दोष बाहेर फेकण्यातला नाही, गोळी भरण्यातला आहे. लोक इथेच सर्वांत जास्त फसतात आणि एक्स्ट्रॅक्टरला दोष देतात. टप्पा ६ बघा.

सावधान: आवाज नेहमीपेक्षा दबका आला, ‘फुस्स’ झाला किंवा धक्काच जाणवला नाही, तर लगेच थांबा. गोळीचं पुढचं टोक (शिसं) नळीतच अडकलेलं असू शकतं. त्यामागे दुसरी झाडली तर नळी फुटते. उभी पुंगळी आणि दबका आवाज एकाच वेळी आले तर सगळ्यात आधी हीच शंका घ्या. नळी रिकामी असल्याची डोळ्याने खात्री होईपर्यंत पिस्तूल वापरायचं नाही.

सावधान: चाप दाबला आणि काहीच झालं नाही, तर नळी लक्ष्याकडे ठेवून किमान तीस सेकंद थांबा. बार उशिरा उडू शकतो.

३. जॅम सोडवायचा क्रम

आधी मॅगझिन, मग स्लाइड. क्रम उलटा केला की प्रत्येक ओढीला नवी गोळी वर येते आणि गुंता वाढतो.

क. मॅगझिन काढा. मागे गोळी, पुढे पुंगळी असं असेल तर मॅगझिन दाबात अडकतं. तेव्हा आधी स्लाइड मागे अडवा आणि मग मॅगझिन ओढून काढा. स्लाइड मागे अडवायची सोय पिस्तुलागणिक वेगळी असते. काहींत ती सेफ्टीच्या खाचेने अडते. तुमच्या पिस्तुलात कशी अडते ते आज घरी रिकाम्या पिस्तुलावर शिकून ठेवा.

ख. स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडा. असं तीनदा करा आणि काय पडलं ते मोजा.

ग. स्लाइड मागे अडवून चेंबरमध्ये टॉर्च मारा. नंतर करंगळीने चाचपा. डोळा आणि बोट, दोन्ही.

सावधान: गोळी जमिनीवर पडू नये म्हणून खिडकीवर तळहात धरायची सवय पुष्कळांना असते. ती सोडा. हातात दबलेल्या गोळीची टोपी (बुडातला ठिणगी देणारा भाग) इजेक्टरवर आपटून ती हातातच उडू शकते. पडली तर पडू द्या, नंतर उचला.

पुंगळी चेंबरमध्ये घट्ट बसली असेल आणि स्लाइडच्या दोन-तीन ओढींत निघाली नाही, तर स्क्रूड्रायव्हर घालू नका. चेंबरच्या कडेला एक ओरखडा पडला की पुढची प्रत्येक पुंगळी तिथे अडकेल. रेंज अधिकाऱ्याला बोलवा.

तपासा: न झाडलेली गोळी चेंबरमध्ये असताना स्लाइड ओढली आणि गोळी बाहेर आली नाही? मग बाकी सगळे टप्पे बाजूला ठेवा. एक्स्ट्रॅक्टर दुरुस्त होईपर्यंत हे पिस्तूल भरायचं नाही.

४. पुंगळी वाचा

जॅम झालेली पुंगळी आणि नीट बाहेर पडलेली एक पुंगळी शेजारी ठेवून बघा. पुंगळ्या रेंजला परत द्यायच्या असतील तर आधी जवळून फोटो काढा. माझ्या मते अख्ख्या शोधात सर्वांत जास्त माहिती याच पाच मिनिटांत मिळते, आणि नेमकी हीच पाच मिनिटं लोक गाळतात.

बुडाची कड एका ठिकाणी वाकलेली किंवा फाटलेली असेल, तर एक्स्ट्रॅक्टरने ओढायचं काम केलं आणि पुंगळीच चेंबरला धरून बसली होती. दोष चेंबरमध्ये किंवा गोळीत शोधा.

कडेवर एक्स्ट्रॅक्टरची खूणच नसेल, तर त्याने पकडलंच नाही. आकडीखाली मळ साचलाय, आकडी झिजलीय किंवा तिची स्प्रिंग मेलीय.

एक्स्ट्रॅक्टरच्या समोरच्या बाजूला बुडावर इजेक्टरचा छोटा ठसा असायला हवा. चांगल्या पुंगळीवर तो आहे आणि अडकलेलीवर नाही, तर त्या वेळी स्लाइड पुरती मागे गेली नाही किंवा पुंगळी वाटेतच सुटली.

अंगावर लांबट ओरखडे म्हणजे चेंबर खरखरीत आहे. एका बाजूने दाट काजळी म्हणजे दाब कमी होता आणि पुंगळी चेंबरला नीट बसली नाही. अशा वेळी बहुधा गोळ्या जुन्या किंवा ओल लागलेल्या असतात. तोंड चेपलेलं असेल तर ती खिडकीत चिमटली, एवढंच कळतं. कारण कळत नाही.

५. साफसफाई

पिस्तूल रिकामं असल्याची टप्पा ३ प्रमाणे खात्री करा. गोळ्या आणि भरलेली मॅगझिन दुसऱ्या खोलीत ठेवा. त्यानंतरच पिस्तूल खोला. बऱ्याच .३२ पिस्तुलांत रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे ढकलणारी) नळीभोवती असते आणि सुटताना उडते, त्यामुळे चष्मा घाला. काही स्प्रिंगांची दोन टोकं सारखी नसतात, म्हणून काढताना पुढचं टोक कुठलं ते फोटोत टिपून ठेवा.

*चेंबर:* .३२ चा ब्राँझ ब्रश सॉल्व्हंटमध्ये भिजवून मागच्या बाजूने घाला आणि चेंबरमध्ये गोल फिरवा. एनसीसीत किंवा पोलिसांत शिकलेले फक्त पुलथ्रूने (नळीतून ओढायच्या दोरीने) चिंदी ओढतात. ती नळीला ठीक आहे, पण चेंबर नळीपेक्षा रुंद असल्याने तिथला थर तसाच राहतो. शेवटी कोरडी चिंदी, दोनदा. चेंबरमध्ये तेल राहू द्यायचं नाही. तेलकट चेंबरमध्ये पुंगळी भिंतीला धरत नाही, सगळा धक्का स्लाइडवर येतो, आणि गोळीच्या टोपीत तेल झिरपलं तर बार कमजोर होतो.

*एक्स्ट्रॅक्टरची आकडी:* जुना टूथब्रश आणि लाकडी दातकोरणं घ्या. आकडीखाली काजळी, पितळेचा चुरा आणि वाळलेलं तेल यांचा काळा गोळा बसलेला असतो. तो पूर्ण निघेपर्यंत कोरा. सुई किंवा टाचणी नको.

*स्लाइडच्या खाचा:* पुसा आणि तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, प्रत्येक बाजूला एक थेंब.

तेलाबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडच्या निम्म्या तक्रारी इथून सुरू होतात असं मला वाटतं. घरात असतं म्हणून खोबरेल लावणारे लोक मी पाहिले आहेत. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. नाशिकला डिसेंबरच्या सकाळी रेंजवर उभे राहाल तेव्हा स्लाइडच्या खाचांत मेण असेल, स्लाइड अर्धवट मागे जाईल आणि पुंगळी खिडकीत उभी राहील. दुपारी तेच पिस्तूल नीट चालेल आणि तुम्ही चक्रावाल. गंज सोडवायचे स्प्रे पटकन उडून जातात, त्यांनी वंगण होत नाही. बंदुकीचं तेल नसेल तर शिलाई मशीनचं हलकं तेल चालेल, तेही थेंबानेच.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि त्यातल्या रसायनांमुळे पितळेवर हिरवा थर चढतो. असा थर आलेल्या गोळ्या चेंबरमध्ये चिकटतात. त्या घासून वापरण्यापेक्षा वेगळ्या ठेवा. निवडणुकीच्या काळात पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करावं लागलं असेल, तर परत आल्यावर पहिलं काम हाच अख्खा टप्पा.

तपासा: जोडल्यावर रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड सेंटिमीटरभर मागे घेऊन हळू सोडा. नळी किंचित वर असतानाही ती स्वतःहून पूर्ण बंद व्हायला हवी. घुटमळत असेल तर अजून मळ आहे, स्प्रिंग उलटी बसली आहे किंवा थकली आहे.

६. मॅगझिन

.३२ एसीपीच्या गोळीचं बूड अंगापेक्षा किंचित रुंद असतं. मॅगझिन भरताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे. मागे बसली तर दोन्ही एकमेकींत अडकतात आणि स्लाइड गोळीला पुढे नेऊ शकत नाही. ‘पुंगळी गेली, तरी अडकलं’ या चित्रामागे बरेचदा हेच असतं. घाईने, मॅगझिन तिरपं धरून भरलं की असं होतं.

ओठ दोन्ही बाजूंनी सारखे आहेत का ते उजेडासमोर धरून बघा. पाठीवर चीर आहे का बघा. गोळ्यांना वर ढकलणारा आतला तळ दाबून सोडल्यावर कुरकुरत वर येतो का? ओठ पक्कडीने वाकवून सरळ करू नका. आज सरळ दिसतील, दहा गोळ्यांनंतर पुन्हा पसरतील.

स्लाइड मागे अडवलेली असताना मॅगझिन दणकन ठोकायचीही सवय वाईट. काही पिस्तुलांत ते आत जास्त वर जाऊन इजेक्टर वाकवतं.

७. एक्स्ट्रॅक्टर, इजेक्टर, स्प्रिंग: बघायचं, वाकवायचं नाही

खोललेली स्लाइड हातात घ्या आणि डमी गोळीचं बूड आकडीखाली सरकवा. स्लाइड आडवी धरून हलकेच हलवा. डमी लोंबकळली तरी चालेल, पडता कामा नये. लगेच पडत असेल तर एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग किंवा आकडी गेली आहे. आकडीची धार भिंगातून बघा: कोपरा उडालाय का, गोल झालीय का?

इजेक्टर ही बहुतेक पिस्तुलांत सांगाड्यावरची छोटी पट्टी असते. ती सरळ असावी, टोक चौकोनी असावं आणि स्लाइडला घासल्याची चमक बाजूला नसावी.

रिकॉइल स्प्रिंगचा अंदाज पुंगळी कुठे पडते त्यावरून येतो. स्प्रिंग थकली की स्लाइड जोरात मागे येते आणि पुंगळ्या नेहमीपेक्षा लांब उडतात. पुंगळ्या पायाशी टपकत असतील तर गोळ्या कमजोर आहेत, स्लाइड जड चालते आहे किंवा कोणी गरजेपेक्षा कडक स्प्रिंग घातली आहे. फेकण्याच्या तक्रारीवर ‘जरा कडक स्प्रिंग टाकू’ हा उपाय सर्रास सुचवला जातो. उभ्या पुंगळीच्या बाबतीत त्याने दोष वाढतो.

सावधान: कानस, पक्कड, वेल्डिंग यांतलं काहीही तुम्ही करायचं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्रदुरुस्तीला वेगळा परवाना लागतो. तुमचा परवाना बाळगण्याचा आहे.

८. पुन्हा रेंजवर: पंधरा गोळ्यांची चाचणी

एका वेळी एकच बदल. साफसफाई केली असेल तर तेच मॅगझिन, त्याच लॉटच्या गोळ्या. हे आठ गोळ्यांच्या मॅगझिनचं गणित आहे.

मॅगझिनमध्ये एकच गोळी भरून झाडा, तीनदा. मग दोन-दोन भरून, दोनदा. मग पूर्ण मॅगझिन एकदा. प्रत्येक गोळीला वहीत एक ओळ: कितवी, पुंगळी कुठे पडली, अडकली तर कशी.

एकेकटी गोळी अडकते आणि पूर्ण मॅगझिनमध्ये फक्त शेवटची अडकते, तर बोट एक्स्ट्रॅक्टरकडे जातं. खाली गोळी असते तोवर पुंगळीला खालून आधार मिळतो आणि कमजोर आकडीचं दुखणं झाकलं जातं. खाली काही नसलं की पुंगळी सुटून मॅगझिनवर आडवी पडते.

एकेकटी नीट जाते आणि भरलेल्या मॅगझिनमध्ये पहिल्या-दुसऱ्या गोळीला अडकते, तर मॅगझिन बदलून बघा. क्रमांक २ च्या मॅगझिनवर तक्रार गायब झाली की शोध संपला.

कितवीही अडकते आणि पुंगळ्या पायाशी पडतात, तर दुसऱ्या, नव्या लॉटच्या पाच गोळ्या. त्या नीट गेल्या की जुना लॉट दोषी.

हे सगळं करूनही नक्की कळलं नाही तर पकड तपासा. छोटं पिस्तूल हातात नीट मावत नाही, मनगट सैल राहतं, अख्खं पिस्तूल मागे झुलतं आणि स्लाइडला पुरेसा धक्का उरत नाही. आधाराच्या हाताचा अंगठा स्लाइडला घासत असेल तरी तेच होतं. कोणाला तरी बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. रेंजच्या नियमात बसत असेल तर तेच पिस्तूल, तेच मॅगझिन, त्याच गोळ्या प्रशिक्षकाला झाडायला द्या. त्यांच्या हातात एकही अडकली नाही तर पिस्तूल खोलायची गरज नाही, मनगटावर काम करा. मात्र पकडीची शंका सगळ्यात आधी घेऊ नका. ‘तुझीच पकड सैल’ म्हणून तुटलेल्या आकडीचं पिस्तूल महिनोन्‌महिने वापरलं गेल्याचं मी पाहिलं आहे.

९. कारागिराकडे देताना

परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच द्या, परवान्याची प्रत सोबत ठेवा आणि पिस्तूल ठेवून घेतल्याची पावती घ्या. ‘जॅम होतं, बघा जरा’ एवढंच सांगितलंत तर तोही सगळं पुसून, तेल घालून परत देईल. त्याला वहीचं पान द्या, फोटो द्या, पुंगळ्या असतील तर चांगली आणि अडकलेली अशा दोन्ही द्या. कुठल्या क्रमांकाच्या मॅगझिनवर आणि कितव्या गोळीला अडकतं ते सांगा, ते मॅगझिनही सोबत द्या. काढलेला जुना भाग परत मागून घ्या आणि त्याची झीज भिंगातून बघा.

परत आल्यावर पिस्तूल भरण्याआधी डमी गोळ्या मॅगझिनमध्ये घालून स्लाइड हाताने पूर्ण मागे ओढा. प्रत्येक डमी चेंबरमध्ये जाऊन खिडकीतून बाहेर पडली पाहिजे. त्यानंतर रेंजवर पुन्हा पंधरा गोळ्या, टप्पा ८ च्याच क्रमाने.